कोटासकट वजन

मित्रांनो, दवाखान्याच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या आड जो पांढरा, उंच काटा उभा आहे ना, तो मी. माणसांची वजने सांगण्यात माझा जन्म गेला. रंग उडाला, तबकडीची काच तडकली. पण सुई अजून खरे बोलते, एवढे देवाला स्मरून सांगतो.

कारखान्यात कारागिराने माझी सुई जुळवली आणि पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "जा बाबा, कुणाच्या भिडेला पडू नकोस." तोच माझा गुरुमंत्र. मी तो व्रतासारखा पाळला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या दाराशी माझी जागा होती. दिवसभर लोक माझ्यावर चढत. पण थांबावेसे कुणालाच वाटत नसे. श्वास रोखायचा, पोट आत ओढायचे, सुईकडे बघून तोंड वाकडे करायचे आणि उतरायचे. एवढ्या पावलांच्या सहवासात राहूनही मी एकटाच.

थंडीत तर सगळ्यांचे माझ्याशी बिनसायचे. कोपऱ्यावरचा बेकरीवाला म्हणायचा, "हा काटा गारठलाय. उन्हाळ्यात बरा वागतो."

"काटा बराच वागतो, बरं वागत नाही ते तुम्ही," डॉक्टरीणबाई हसायच्या. "दिवस लवकर मावळतो, पाय घराबाहेर पडत नाहीत, भूक दुप्पट लागते. वर अंगावर दोन स्वेटर. सुई मागे कशी जाईल?"

"भट्टीपाशी उभं राहून गरम पाव कुणाला सोडवतो, ताई?"

"मग काट्याला नावं कशाला ठेवता?"

या सगळ्यांत शिवणकाम करणाऱ्या एक आजी होत्या. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच राहत. दर सोमवारी त्या रक्तदाब तपासायला येत आणि चढण्याआधी रुमालाने माझी काच पुसत. "बरा आहेस ना रे?" असे मला विचारणाऱ्या जगात त्या एकट्याच.

थंडी पडली की त्या यजमानांचा जाड लोकरी कोट घालून येत. बाह्या बोटांवर उतरलेल्या, खांदे सैल. कोट काढायला परिचारिका कुणालाच सांगत नसे. खोली गार, रांग मोठी. थंडीत कपड्यांसकटच वजन, ही तिथली रीत पडली होती. त्या वर्षी सगळ्यांची वजने चढली, पण आजींची सुई उन्हाळ्यात होती तिथेच.

"शिका जरा आजींकडून," परिचारिका रांगेला सुनवायची.

आजी लाजायच्या. परगावच्या मुलाचा फोन आला की म्हणायच्या, "अरे, वजन आहे तेवढंच आहे. उगाच धावपळ करून येऊ नकोस."

पण मित्रांनो, मला पाऊल कळते. ते उन्हाळ्यापेक्षा कितीतरी हलके पडत होते. कोटाने वाढवले, तेवढेच आतून घटले होते. आतली बाई विरत चालली होती. मी दोघांचे मिळून वजन सांगत होतो आणि लोक ते एकटीचे समजत होते. खरे बोलूनही आपले म्हणणे पोहोचू नये, याइतके एकटेपण दुसरे नाही. देवाने मला सुई दिली, जीभ दिली नाही.

एका सोमवारी बाकावर बेकरीवाल्याची नात तापाने कुडकुडत होती. आजींनी कोट काढून तिच्या अंगावर घातला आणि तशाच माझ्यावर चढल्या.

सुई कितीतरी अलीकडेच थांबली.

"बिघडला वाटतं," म्हणत परिचारिकेने मला हलवले. मी सुई घट्ट धरून ठेवली. ती स्वतः चढून बघती झाली. तिचे वजन बरोबर होते. मग तिने मुलीच्या अंगावरचा कोट जरासा उचलून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"आजी, जेवता ना?"

"जेवते की."

"काल काय जेवलात?"

आजींनी रुमालाची घडी घातली, उलगडली. मग म्हणाल्या, "चहात बिस्किट बुडवलं. गारठ्यात एकटीसाठी कुठं रांधत बसू? समोर कुणी नसलं की घास तोंडातच फिरतो गं."

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, औषध दिले आणि मुलाला स्वतः फोन लावला. तो दुसऱ्याच दिवशी आला. परिचारिका म्हणाली, "मुलगा गेला की दुपारी इथं यायचं. माझ्यासमोर बसून जेवायचं."

"आणि पाव माझ्याकडून," बेकरीवाला म्हणाला. "माझं वाढतंच आहे, थोडं तुमच्याकडे वळवू."

उन्हे तापू लागली तेव्हा आजी कोटाशिवाय माझ्यावर उभ्या राहिल्या. सुई थोडी पुढे सरकली होती. "शाबास रे," त्या म्हणाल्या. माझ्या वाट्याला आलेली शाबासकी तेवढीच.

पुढे आकडे उजळणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी या खोलीत झाली. आता पुन्हा थंडी आहे. दुपारी आजी येतात, कोट माझ्या डोक्यावर अडकवतात आणि पलीकडे जेवायला जातात. डब्यांची झाकणे वाजतात, हसणे ऐकू येते. इथे पायाखालच्या पट्टीवर धूळ आहे, आणि सुई शून्यावर.

माझे एवढेच मागणे आहे. थंडीत कुणाचे वजन कराल, तर आधी कोट उतरवा. आणि एकट्या माणसाला नुसते "जेवलात का" विचारून पुढे जाऊ नका. "काय जेवलात" असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.