बिनपंचाचा खेळ

दिनकर मोहरील यांनी जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली, आणि त्यातली सव्वीस वर्षं कारखान्याच्या हॉकी स्पर्धांत पंचगिरी केली. लोक त्यांना ओळखत ते या दुसऱ्या कामामुळे. निवृत्तीनंतर ते विजय नगरच्या मैदान समितीचे सचिव झाले. त्यामुळे प्रणोती नावाची बँकेतली अधिकारी, पुण्याहून नुकतीच बदलून आलेली, मैदानावरची रविवारची सकाळ मागायला त्यांच्याकडेच आली.

खेळाचं नाव अल्टिमेट फ्रिसबी. एका बाजूला सात जण, मुलं-मुली एकत्र. प्लास्टिकची चकती एकमेकांकडे फेकत न्यायची आणि पलीकडच्या पट्ट्यात आपल्याच माणसानं झेलायची. हातात चकती असताना पळायचं नाही. दिनकररावांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि कामाचा प्रश्न विचारला.

"पंच कोण?"

"पंच नसतो, काका. ज्याला धक्का लागला, त्यानंच फाउल सांगायचा. समोरच्याला पटलं तर ठीक. नाही पटलं तर चकती परत फेकणाऱ्याकडे जाते आणि खेळ पुढे सुरू."

"अन् कोणी खोटं बोललं तर?"

"सहसा नाही बोलत."

दिनकररावांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं आणि परवानगी दिली. पंधरा दिवसांत डोकी फुटतील आणि मैदान आपोआप मोकळं होईल, याची त्यांना खात्री होती. ते पाहायला ते दर रविवारी खुर्ची टाकून बसू लागले.

पहिल्या रविवारी पाच जण आले, त्यातला एक पत्ता चुकून. दुसऱ्या महिन्यात वीस झाले: कॉलेजची पोरं, छावणीतल्या दोन मेजरांच्या मुली, कमानिया गेटजवळचा एक दंतवैद्य. बडा फुहारा बाजारातल्या खेळण्यांच्या ज्या दुकानदारानं आधी कुत्र्यांसाठीची चकती दिली होती, तो आता एकशे पंचाहत्तर ग्रॅमची असली चकती काउंटरवर मांडू लागला. कटनीत एक संघ निघाला, नरसिंहपुरात दुसरा. भांडण मात्र काही होईना. फाउल झाला की दोघं थांबत, काहीतरी बोलत आणि अर्ध्या मिनिटात खेळ पुन्हा चालू. एकदा न राहवून दिनकररावांनी खुर्चीवरूनच निकाल दिला. तेव्हा दुर्वा नावाची कॉलेजातली मुलगी जवळ येऊन अदबीनं म्हणाली, "अंकल, आपने सही देखा होगा. पर कॉल खिलाड़ी का होता है."

दिनकररावांनी खुर्ची उचलून दोन पावलं मागे नेली.

खेळात नसलेलं भांडण अखेर संघटनेनं पुरवलं. खेळ वाढतोय म्हटल्यावर दिनकररावांनी जिल्हा फ्रिसबी संघ स्थापन केला आणि अध्यक्षपद स्वीकारलं. आठवड्याच्या आत रेल्वेतून निवृत्त झालेल्या बापूसाहेब कान्हेरेंनी जिल्हा फ्रिसबी महासंघ काढला. दोन्हींचे मिळून अकरा पदाधिकारी झाले. त्यातल्या एकानंही चकतीला हात लावलेला नव्हता. दोघांनी एकाच रविवारी, एकाच मैदानावर स्पर्धा जाहीर केली. संघ मात्र दोघांकडे तेच चार.

त्या सकाळी मैदानाच्या कडेला दोन शामियाने उभे होते आणि दोन्हींकडे एकेक प्रमुख पाहुणा होता. खेळाडू बूट बांधून ताटकळत होते. मैदान ज्याचा अर्ज आधी आला त्याचं, असा नियम. बापूसाहेब म्हणाले, आमचा अर्ज सोमवारचा. दिनकररावांनी आवक नोंदवही उघडून दाखवली. त्यांचा अर्ज शनिवारचा होता, त्यांच्याच अक्षरात.

"बरं, काका," प्रणोती म्हणाली. तिनं वहीकडे पाहिलंही नाही. "तुमचा अर्ज शनिवारीच आला ना? तुम्ही म्हणाल ते आम्ही धरू."

दिनकररावांना वाटलं, ही पोरगी वही तपासेल तर बरं. वहीचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. पण तिनं फक्त विचारलं, आणि चाळीस-पन्नास पोरं उत्तराची वाट पाहत उभी राहिली. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो फाउल दिले होते, सगळे दुसऱ्यांचे.

"बुधवारी आला," ते म्हणाले. "तारीख मी मागची टाकली. मैदान बापूसाहेबांचं."

प्रणोतीनं मान हलवली आणि ती निघून गेली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बापूसाहेबांना मात्र या खेळाची रीत ठाऊक नव्हती. ते मंचावर चढले आणि प्रामाणिकपणा या विषयावर पाऊण तास बोलले, नाव न घेता पण बोट दाखवून.

भाषण रंगात आलं तशी मुलं हळूच मैदानाच्या पलीकडच्या टोकाला सरकली आणि त्यांनी सामना सुरू केला. दंतवैद्याचा पाय मुरगळला, तेव्हा दुर्वाच्या संघात सहाच उरले. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि दिनकररावांना हाक मारली. ते चप्पल काढून अनवाणी आत गेले.

दहा मिनिटं ते नुसते चकतीच्या मागे धावत होते. मग एकदाची चकती त्यांच्याकडे आली, बोटांना लागली आणि खाली पडली. "फाउल! धक्का दिला हिनं," असं म्हणत त्यांनी समोरच्या संघातल्या मेजरच्या मुलीकडे बोट केलं. ती शांतपणे म्हणाली, की तिचा हात लागलाच नाही.

"नहीं कैसे? मी काय खोटं बोलून राहिलो?"

नियमानं चकती फेकणाऱ्याकडे परत गेली. दिनकरराव परत गेले नाहीत. कोपर कुठे लागलं, किती अंशांत लागलं, हे त्यांनी चार मिनिटं समजावलं. त्या दिवसातला तो सगळ्यात लांब वाद ठरला.

स्पर्धेनंतर प्रत्येक संघानं दुसऱ्याला खेळाडूवृत्तीचे गुण दिले. त्या गुणांत दुर्वाचा संघ शेवटचा आला, आणि कशामुळे ते कोणाला सांगावं लागलं नाही. तरी निघताना तिनं विचारलं, पुढच्या रविवारी याल ना, बूट घालून?

त्यांच्या पत्नी लतिकाबाईंनी दुपारी वाढताना विचारलं, की एवढ्या लोकांसमोर वहीतली लबाडी कबूल केली म्हणतात, ते खरं का? दिनकररावांनी हो म्हटलं आणि तो विषय तिथंच संपवला.

"पण तो धक्का लागलाच होता," ते वरणभात कालवत म्हणाले. "हे बघ, इथं."