जीपच्या श्वासाचा डबा

अंगणात जीप उभी होती आणि तिच्या पुढच्या बंपरमागून पाणी ठिबकत होते. ट्रॅक्टरला बांधून तिला नदीतून ओढत आणले होते. तो दोर अजून तसाच लोंबत होता. सहदेव बॉनेट उघडून आत पाहत होता, पण कशाला हात लावत नव्हता. त्याची मुलगी सेजल, जिच्या हातात स्टिअरिंग असताना हे घडले, ती ओल्या कपड्यांनिशी ओटीच्या पायरीशी उभी होती. सहदेवचा धाकटा भाऊ अनिल मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता. त्या अंगणात कधीच रेंज येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते.

हे सारे मी गोठ्याच्या कोपऱ्यातून पाहत होतो. माझ्या पोटात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

मित्रांनो, मी एक जुना, काळा डबा आहे. मेकॅनिक मला एअर फिल्टरचा डबा म्हणतात. एके काळी त्या जीपचा श्वास माझ्यातून जात असे. इंजिनाला डिझेल लागते, हे तुम्ही जाणता. पण डिझेल पेटायला हवा लागते, आणि ती गाळलेली लागते. माझ्या पोटात घड्याघड्यांच्या कागदाची गाळणी असे. धूळ तिथे थांबे, वारा तेवढा पुढे जाई.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबले गेले. वितळण्यापूर्वी मी कोण होतो, ते मला आठवत नाही. साच्यातून सुटलो तेव्हा मला पहिली जाणीव झाली ती माझ्या पोकळपणाची. पुढे कळले की पोकळ असणे हेच माझे काम आहे. कोणाच्या वाट्याला भरून राहणे येते, कोणाच्या वाट्याला वाट देणे.

जीपबरोबर मी उमरठ गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत आलो. वाडीतून पोलादपूरला जायचे तर खडीचा चढउतार आणि मध्ये नदी. तिच्यावर पूल नाही. जीप सरळ पाण्यात घालायची आणि पलीकडे निघायचे. सहदेव रोज माणसे नेई-आणी. मला डोळ्यांपेक्षा श्वासानेच गावे ओळखू येत. कशेडीच्या घाटात ट्रकांचा कडू धूर लागे. भात फुलोऱ्यावर आले की कापडे गावच्या खाचरांवरून दुधासारखा वास येई. उन्हाळ्यात पेरणीआधी शेतांत डहाळ्या-पाचोळा जाळून राब भाजत, तेव्हा राखेचे बारीक कण माझ्या दारात येऊन थबकत आणि मला वाटे, ही कोणत्या झाडाची आठवण असेल?

दर बाजाराच्या आदल्या दिवशी सहदेव माझे झाकण काढी, गाळणी गुडघ्यावर हलकेच आपटी आणि फुंकर घाली. "तू हायस म्हनून गाडी हाय रे," असे एकदा तो म्हणाला होता. डब्याशी बोलणारा माणूस मी तेव्हा प्रथमच पाहिला.

मग शिमग्याला अनिल मुंबईहून आला. जीप घेण्यात त्याचाही वाटा होता, त्यामुळे गाडीबद्दल बोलण्याचा हक्कही होता. त्याने एक फेरी मारली आणि उतरताच म्हणाला, "दादा, गाडीला दमच नाय रे! चढावर दमेकऱ्यासारखी करते. पिकअप मर गया."

"काका," सेजल म्हणाली, "आत बारा माणसं आणि दोन बोकड होते. त्यांना पाठीवर घेऊन तुम्ही चढून दाखवा, मग दम मोजू."

सेजल महाडच्या कॉलेजात शिकली होती आणि गाडी चालवायलाही शिकली होती. जीपची सकाळची फेरी आपण घ्यावी, ही तिची एकच इच्छा होती. तिला वाडीतले लोक हसत. सहदेव हसत नसे आणि होही म्हणत नसे.

अनिलच्या हट्टाने आम्ही सारे महाडला गेलो. साहिल नावाच्या मेकॅनिकने गोणपाटावर तीन नव्या वस्तू मांडल्या. मी बॉनेटखालून टक लावून पाहत होतो. आपल्या जागी कोण येणार, हे पाहण्याचे कुतूहल फार विचित्र असते. त्यात भीती कुठे संपते ते कळत नाही.

पहिला होता उघडा, शंकूसारखा फिल्टर. "आवाज मस्त देतो," साहिल म्हणाला, "पण बॉनेटखालची गरम हवाच ओढेल. गरम हवा पातळ असते. थंड हवा दाट असते, म्हणून डिझेल नीट जळतं आणि जोर वाढतो."

दुसरी होती चकचकीत लांब नळी, शेवटी तसाच शंकू. तिचे तोंड खाली बंपरमागे जायचे, इंजिनाच्या तापापासून दूर, थेट थंड वाऱ्यात.

तिसरी दिसायला सगळ्यांत ओबडधोबड. ती एका बाजूने मला जोडायची आणि दुसऱ्या बाजूने काचेच्या कडेने वर टपापर्यंत न्यायची. तिला स्नॉर्कल म्हणतात. हवा तीही बाहेरचीच आणि थंड. मात्र तिच्यासाठी जीपच्या पत्र्याला भोक पाडावे लागणार होते.

"हीच घ्या, बाबा," सेजल म्हणाली. "आपल्याला नदी ओलांडायची असते. तोंड वर हवं."

"अगो, नदी हाय म्हनून काय गाडीला सोंड लावायची?" अनिल हसला. "दादा, लंबी नळी घे. महाबळेश्वरची हवा खाईल गाडी."

सहदेवने जीपच्या पत्र्यावरून हात फिरवला. "चांगल्या अंगाला भोक पाडायचं नाय," तो म्हणाला, आणि निवड झाली.

चार स्क्रू सुटले आणि मी गोठ्यात आलो. नव्या नळीने खरोखरच जोर दिला. चढावर जीप गुरगुरत जाई आणि मी दुरून ऐकत राही. मला राग आला का? आला असावा. त्याहून अधिक प्रश्न पडत. थंड हवेची चव कशी असेल? माझ्यातून गेलेला तो सारा वारा ऊबदार होता, हे मला इतकी वर्षे कसे कळले नाही? उत्तर देणारे कोणी नव्हते. एक कोंबडी तेवढी आली, तिने फिरून पाहिले आणि ती आत बसली.

त्या पावसाळ्यात अनिल पुन्हा गावी आला होता. सहदेवला ताप आला आणि पहिल्यांदा चावी सेजलच्या हातात गेली. ती माणसे घेऊन नदीवर पोचली. आमच्याकडे पाणी मोजायची एक रीत आहे. काठावर म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. म्हसोबाचे पोट कोरडे असेल तर गाडी घालावी, भिजले असेल तर थांबावे. सेजलने पाहिले, पोट कोरडे होते. तिने गाडी घातली, आणि मधोमध ती बंद पडली. माणसे एकमेकांचे हात धरून काठाला लागली, पण इंजिन गेले. खालच्या नळीने हवेऐवजी पाणी ओढले होते. हवा दबते, पाणी दबत नाही; इंजिनातले पिस्टनचे दांडे वाकले.

म्हणून जीप अंगणात अशी ठिबकत उभी होती.

अनिलने मोबाइलमधून डोके वर काढले. "मी बोललो होतो, पोरीच्या हातात गाडी नको."

"म्हसोबाचं पोट कोरडं होतं, काका. मी दोनदा पाहिलं."

"असं कसं होईल? खोटं का बोलतेस?"

तेव्हा ओटीवर लुगडे पिळत बसलेली रंगूबाई, जी त्याच जीपमध्ये होती, खोकून म्हणाली, "खोटं नाय रे ती बोलत. मीबी पायलं. पण अनिल, उन्हाळ्यात तुम्ही मुंबईकरांनी वर्गणी काढून म्हसोबाला शिमिटाच्या चौथऱ्यावर बसवलात नव्हं? दर साल बिचारा बुडतो म्हनून?"

"मग?"

"मग काय! देवाला वर चढवलात नि नदीला सांगायचं राहिलं!"

वाडीतल्या प्रत्येकाने त्या चौथऱ्यासाठी दगड उचलला होता, नारळ फोडला होता, आणि नंतर त्याच देवाच्या पोटाकडे पाहून पाणी मोजले होते. सहदेवने बॉनेट हळूच मिटले. अनिलने मोबाइल खिशात घातला आणि तो म्हणाला, "नळी मीच घ्यायला लावली. ती तरी मीच काढतो."

इंजिन दुरुस्त व्हायला बरेच दिवस गेले. पिल्ले बाहेर पडल्यावर सेजलने मला घासूनपुसून नवी गाळणी बसवली. सहदेवने कोळशाने जीपच्या पत्र्यावर स्वतः गोल आखला. साहिल कापू लागला तेव्हा त्याने मान वळवली, पण हात पत्र्यावरच ठेवला. अनिल उंच नळी धरून उभा होता.

मी असतो तर त्या दिवशी पाणी आत गेले नसते, असे सांगायचा मोह मला होतो. खरे सांगतो, मला ठाऊक नाही. आज मात्र माझ्यात टपावरचा वारा येतो. तो थंड आहे, आणि त्याला पहाटे धुक्याचा वास असतो.

मित्रांनो, तुमच्या घरीदारी श्वास घेणाऱ्या कितीतरी वस्तू आहेत. त्यांचा जोर वाढवण्याआधी त्यांचे तोंड कुठे आहे ते पाहा, त्यावरची धूळ झटका. आणि आपली खूण आपणच हलवली असेल, तर चूक दुसऱ्याच्या माथी मारू नका.

काल सकाळी माणसे जीपमध्ये येऊन बसली. चावी गाडीलाच होती. रंगूबाई पुढच्या सीटवर ऐसपैस बसत म्हणाली, "चला गो, बाजार उठेल!" सेजल दार धरून उभी राहिली. सहदेव ओटीवरून उतरला.

"बाबा, आजची फेरी कोण मारणार?"

त्याने जीपकडे पाहिले, मग तिच्याकडे. भिंतीवरची कोयती काढून त्याने कमरेला अडकवली, आणि तो शेताच्या वाटेने चालू लागला.