ओट्मारची साडेदहाची फेरी

खालच्या वेशीपाशी ओट्मारनं जुन्या लाकडी दरवाजावर हात ठेवला, बोलायला तोंड उघडलं आणि तो थांबला.

पाहुणे त्याच्याभोवती अर्धवर्तुळ करून उभे होते. कुणी उत्तरेकडून आलेले, कुणी ऑस्ट्रियाचे, एक तरुण जोडपं एकाच छत्रीत. मार्चमधली भुरभुर थांबली होती, दगड अजून ओले होते. ओट्मारच्या तळव्याखाली जे होतं, त्याचंच नाव त्याला सापडत नव्हतं.

"ही... ही जी... आपण जिथून आत..." असं म्हणत त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मला शब्द येत होता. पाहुण्यांना गाव दाखवायच्या त्याच्या फेरीतला प्रत्येक शब्द मला येतो. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून तो फेरीला निघाला की मी मागे मागे चालत आले आहे, त्याचा कोट नाहीतर छत्री धरून. पण दुपारची घंटा व्हायची होती, आणि घंटेआधी मी बोलत नाही. मी नुसतीच त्याच्याकडे बघत राहिले.

"वेस," पाहुण्यांतली एक बाई म्हणाली.

"वेस," ओट्मार म्हणाला. "धन्यवाद."

हा एक शब्द त्याचा कधीच गेला नव्हता. हॉस्पिटलात पहिल्या आठवड्यात त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण नर्सनं पाणी दिलं की तो स्वच्छ म्हणायचा, धन्यवाद. डॉक्टर म्हणाले, असं होतं. काही शब्द इतक्या वेळा वापरलेले असतात की त्यांना वाट शोधावी लागत नाही.

ते झालं गेल्या ऑक्टोबरात, द्राक्षं उतरवून संपत आली होती तेव्हा. न्याहारीला बसलो होतो. लोणी दे म्हणायच्या ऐवजी तो म्हणाला, खिडकी दे. मी हसले, तोही हसला. मग त्याच्या हातातली सुरी खाली पडली.

हातपाय देवाच्या दयेनं लवकर सुधारले. शब्द मात्र आले नाहीत. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक लहानसं प्रार्थनाघर आहे, तिथे मरियामातेपुढे गुडघे टेकून मी नवस बोलले. रोज उठल्यापासून बाराच्या घंटेपर्यंत माझे शब्द मी तुझ्यापाशी ठेवते, तेवढ्यात तू त्याचे त्याला शोधून दे. फादरना कळलं तेव्हा ते म्हणाले, त्सेंत्सी, देव असा सौदा मागत नाही. मी म्हटलं, सौदा नाही फादर, सोबत आहे.

शेजारच्या गल्लीतला इर्मफ्रीड मात्र गावभर सांगत सुटला की ओट्मारला इतक्या वर्षांत पहिल्यांदा निवांत न्याहारी मिळतेय, आता तो बरा होणारच. आणि तसं झालंही. नोव्हेंबरात एके दिवशी सूप तोंडात घेऊन ओट्मारनं चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, मीठ. मी इतकी रडले की सूपाला मीठ लागलंच नाही.

हिवाळाभर दुपारी आम्ही स्वयंपाकघरातच फेरी काढायचो. मिठाची वाटी म्हणजे वेस, पावाची टोपली म्हणजे चर्च, मधे चमच्यांची तटबंदी. मी वाक्य सुरू करायची, तो पुरं करायचा. कधी करायचा, कधी नाही.

ओट्मार आयुष्यभर राबेनफुर्टचा पोस्टमन होता. सायकल, थैली आणि तीच ती दारं. रविवारची फेरी हा त्याचा शौक, पण निवृत्तीनंतर जेव्हा तो महिनाभर घरात वाट चुकल्यासारखा फिरत होता, तेव्हा या फेरीनंच त्याला धरून ठेवलं. म्हणून पर्यटन कचेरीतल्या ड्योर्फ्लरबाई घरी आल्या, तेव्हा आम्ही दोघंही खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होतो. बाई उंच, सरळ, बोलायला स्पष्ट. म्हणाल्या, ईस्टरपासून हंगाम सुरू होतो, पाहुणे पैसे भरून येतात, एक फेरी मी बरोबर चालून बघते. पुरी करता आली तर फेरी तुमची. नाही तर मला ती दुसऱ्याला द्यावी लागेल. हे सांगताना त्यांना इतकं जड जात होतं की मीच त्यांच्या बशीत सफरचंदाच्या केकचा दुसरा तुकडा ठेवला.

आज ड्योर्फ्लरबाई पाहुण्यांच्या मागच्या रांगेत उभ्या होत्या. वेशीपाशी ओट्मार अडला तेव्हा त्या स्वतःच्या बुटांकडे बघत होत्या.

वेशीतून आत आल्यावर त्याला जरा सूर लागला. खंदक, पूल, साखळदंड, सगळं हळूहळू पण नीट आलं. पाहुणेही चांगले होते, घाई करत नव्हते. मग आम्ही पिंपं करणाऱ्यांच्या गल्लीत वळलो. तिथली घरं तटाला पाठ लावून बसली आहेत, आणि त्यांतल्या एका खिडकीत, कठड्यावर उशी, उशीवर कोपर, असा इर्मफ्रीड रोज बसलेला असतो. पूर्वी खोगिरं शिवायचा. आता येणाऱ्या-जाणाऱ्यांना टोमणे मारतो.

ओट्मारनं गोष्ट सुरू केली. स्वीडिश सैन्य आलं होतं ते वर्ष. रात्रीची वेळ, आणि वेशीतला छोटा दिंडी दरवाजा कुणीतरी उघडा ठेवला. त्याची वाक्यं तुटक होती, पण उभी राहत होती.

"खोटं सांगतोय तो," वरून इर्मफ्रीड ओरडला.

पाहुणे हसले, माना वर झाल्या. ही त्या दोघांची जुनी रीत. हा म्हणणार खोटं, आणि ओट्मारचं उत्तर ठरलेलं. लोक त्या उत्तरालाच जास्त हसतात. ओट्मारनं वर पाहिलं. त्याचे ओठ हलले. उत्तर आलं नाही.

हसणं विरलं. छत्रीतल्या जोडप्यानं एकमेकांकडे पाहिलं. माझ्या तोंडात ते वाक्य सगळंच्या सगळं तयार होतं, आणि मला वाटलं, देव क्षमा करील. करीलच. पण मग दुपारी मी कुठल्या तोंडानं त्याच्याकडे मागायचं?

इर्मफ्रीडनं तोंडातला पाइप काढला.

"आता बघा हं मंडळी," तो खाली वाकून म्हणाला. "मी म्हणतो खोटं. आणि हा मला काय म्हणतो ठाऊक आहे? म्हणतो, तुझ्याच खापरपणजोबाला विचार की. पहारा त्याचा होता, आणि तो बिअर पिऊन दाराशीच झोपला होता. दर रविवारी म्हणतो. माझ्या घरासमोर उभा राहून, माझ्या बापजाद्यांना. आणि मी ऐकून घेतो."

स्वतःच्या घराण्याची अब्रू त्यानं अशी स्वतःच्या हातानं खिडकीतून खाली टाकली. पाहुणे खो खो हसले. ओट्मारही हसत होता, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. मग बोट वर करून म्हणाला,

"झोपला होता. घोरत."

घोरत हा शब्द त्या गोष्टीत कधीच नव्हता. माझ्या माहितीत तरी नव्हता. इर्मफ्रीड क्षणभर बघत राहिला, मग उशीवर हात आपटून म्हणाला, "बघा, आजारी माणूस. आणखी एक चिकटवलं."

पुढे बेकरीपाशी वेढ्याची गोष्ट. बाहेर शत्रू, आत धान्य संपलेलं, आणि गावानं शत्रूला फसवायला भट्ट्या पेटवल्या. ओट्मार म्हणाला, "त्यांनी जाळलं... जाळलं..." आणि हात हवेत गोल गोल फिरत राहिला.

बेकरीचं दार उघडून वाल्बुर्गा बाहेर आली, कोपरापर्यंत पीठ, हातात परात.

"काय जाळलं म्हणून सांगतोयस रे? मागं एकदा लाकडं म्हणाला होतास, ते मी विसरले नाहीये. शिळ्या पावाच्या कडा जाळल्या. आमच्या घराण्यातल्या बाईनं. वास पार खंदकापलीकडे गेला आणि तिकडच्यांना वाटलं, इथं रोज ताजा पाव निघतोय. नीट सांग लोकांना." मग परात पाहुण्यांपुढे धरून म्हणाली, "घ्या. हा दर वेळी देतो सगळ्यांना, माझ्या जिवावर."

आजपर्यंत वाल्बुर्गानं फुकट पावाचा तुकडा कुणाला दिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ओट्मारनं एक तुकडा घेतला आणि धन्यवाद म्हणाला. ती म्हणाली, पुरे, चल, माझा दुसरा घाणा आत आहे, आणि परातीच्या आड तोंड लपवून आत गेली.

असं होत गेलं. औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरून एका बाईनं सनावळी सांगितली, जणू आपल्याच नवऱ्याला सांगतेय. विहिरीपाशी पोलिसांची गाडी हळू झाली आणि काच खाली करून हवालदारानं ओट्मारला विचारलं, ती विहीर पन्नास हात खोल का रे, मला नेहमी विसरायला होतं. कुणी काही ठरवलेलं नव्हतं. नंतर मी एकेकाला विचारलंही. सगळे म्हणाले, अगं, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, इतकी वर्षं कानावर पडतंय, पाठ होणार नाही तर काय. मी मात्र हिवाळाभर समजत होते की त्याचे शब्द माझ्या एकटीपाशीच आहेत. ते गावभर ठेवलेले होते. मी त्या ओल्या फरशीवरून चालत होते आणि प्रत्येक दाराला मनातल्या मनात आशीर्वाद देत होते.

चर्चच्या चौकात पोचलो आणि बाराची घंटा झाली. मी मान खाली घालून प्रार्थना म्हटली. आमेन हा माझा रोजचा पहिला बोललेला शब्द. मान वर केली तर ड्योर्फ्लरबाई शेजारी उभ्या होत्या.

"मी बहिरी नाहीये, लाइपोल्डबाई," त्या हळूच म्हणाल्या. "सगळं ऐकलं मी. छान वाटलं. पण आता वर तटावर जायचं. तिथे कुणी राहत नाही."

"मी असते बरोबर," मी म्हटलं. आवाज बसलेला होता. "माझं तोंड आता मोकळं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या चालू लागल्या.

तटावर जायचा दगडी जिना अरुंद आहे. वर छपराखालची लाकडी वाट, एका बाजूला भिंत आणि भिंतीत जंग्या, दुसऱ्या बाजूला गावाची लाल कौलं. पूर्वी ओट्मार इथे पुष्कळ बोलायचा. कुठल्या जंगीतून बाण, कुठल्यातून बंदूक, कुठे उकळतं पाणी. आज त्यानं एका जंगीवर हात ठेवला, म्हणाला, "इथून... बघा," आणि बाजूला झाला. एकेकानं डोळा लावून पाहिलं. खाली नदी, पलीकडे वेलींच्या उघड्या काठ्यांच्या रांगा.

पुढे वाट वळते तिथे एक तुळई फार खाली आली आहे. सावलीत ती दिसतच नाही. तिथे ओट्मार न चुकता सांगायचा, इथे उंच माणसांनी वाकावं, आणि स्वतःला उंच समजणाऱ्यांनी जरा जास्त. लोक हसत हसत वाकायचे. आज उत्तरेकडचा एक उंच गृहस्थ बायकोशी बोलत बोलत सर्वांच्या पुढे निघाला होता.

ओट्मारनं तोंड उघडलं. काही आलं नाही. गृहस्थ चालतच होता. ओट्मारनं वळून माझ्याकडे पाहिलं.

वाका, एवढाच शब्द. तो माझ्या जिभेवर होता, आणि आता कुठलाच नवस आडवा येत नव्हता. मी श्वास घेतला, तेवढ्यात ओट्मारनं डावा हात वर करून मला थांबवलं. पोस्टाच्या थैलीनं झिजलेल्या त्या एका खांद्यानं किंचित तिरका होत तो पाहुण्यांमधून भराभर पुढे गेला, आणि उजव्या हाताची पाठ तुळईच्या धारेला टेकवून त्यानं तळवा उघडा धरला.

गृहस्थाचं कपाळ त्या तळव्यावर टेकलं. तो दचकला, तुळईकडे बघितलं, ओट्मारकडे बघितलं, आणि वाकून पलीकडे गेला. त्याच्या मागून त्याची बायको. मग छत्रीतलं जोडपं. कुणी हसत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. ज्यांना वाकायची गरज नव्हती असेही त्या हाताखालून वाकून गेले. ओट्मार प्रत्येकाकडे बघून मान हलवत होता, दारात उभं राहून लोकांना निरोप देतात तसा.

ड्योर्फ्लरबाईंचं कपाळ सगळ्यांत जोरात लागलं. त्या तिथेच थांबल्या.

"रविवारी फार गर्दी असते, लाइपोल्डसाहेब," त्या म्हणाल्या. "रविवारची मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. बुधवारचा गट लहान असतो. बुधवारची तुमची."

रविवार म्हणजे त्याला काय होतं, ते मला ठाऊक आहे. प्रार्थनेला घालायचा कोट तो त्यासाठीच अंगावर ठेवायचा. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"बुधवार," तो म्हणाला, अगदी स्पष्ट. "धन्यवाद."

त्या वाकून पुढे गेल्या. आता मी एकटीच उरले होते. मी ठेंगणी. त्या तुळईखालून मी आयुष्यभर ताठ मानेनं चालत गेले आहे, वर अजून चार बोटं जागा उरते. ओट्मारला हे माहीत नाही असं नाही. तरी त्यानं हात काढला नव्हता. उघडा तळवा तसाच धरून तो माझी वाट बघत उभा होता.

मी त्याच्यापाशी गेले, भिंतीचा आधार घेतला आणि टाचा उचलल्या, डोकं त्याच्या हाताला लागेपर्यंत.