तळहातावरची करवत

प्लास्टर काढायला कुणीही आलं की झ्लातिना आधी करवत सुरू करायची आणि थरथरतं पातं स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवायची. हे पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी हलतं. प्लास्टर कडक म्हणून तुटतं. कातडी मऊ, ती पात्याबरोबरच हलते. एवढं पाहिलं की रडणारी मुलंसुद्धा गप्प बसायची. इस्पितळात लागल्यापासून तिचा हा नेम कधी चुकला नव्हता.

आज तिने तो मुद्दाम चुकवला.

समोर आरागिरणीचा मालक स्तामेन बसला होता. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्यात चॉकलेटचा डबा.

"घे पोरी. आणि आटप लवकर, गिरणीवर ट्रक उभा आहे."

"टेबलावर ठेवा, स्तामेनकाका."

याच्याच गिरणीत तिच्या धाकट्या भावाची, यासेनची, तीन बोटं गेली होती. काम झपाट्याने व्हावं म्हणून पात्यावरचं झाकण काढून ठेवलेलं. चौकशीला साहेब आले तेव्हा झाकण पुन्हा जागेवर होतं, आणि स्तामेनने सांगितलं, पोरगा पिऊन आला होता. तेव्हापासून अख्ख्या खोऱ्यात यासेनला कुणी कामावर घेत नव्हतं.

पातं एकाच जागी दाबून धरलं तर तापतं, कातडी भाजते. सकाळी स्तामेनला बाहेरच्या बाकावर पाहिल्यापासून तिच्या डोक्यात तेच होतं. पण भाजल्याचा डाग आठवड्यात गेला असता. तिला जास्त टिकणारं काही हवं होतं.

"दार लाव की," स्तामेन म्हणाला.

"धूळ उडते. उघडंच बरं."

तिने करवत सुरू केली. स्तामेनने हात मागे घेतला.

"थांब. याला झाकण नाही?"

"नाही. झाकण नसलं की काम झपाट्याने होतं. तुम्हाला मी काय सांगणार?"

"अजून तेच धरून बसलीस?"

"हात हलवू नका."

पातं प्लास्टरमध्ये शिरलं. दाबायचं, उचलायचं, पुढे सरकायचं. तिचा हात तसूभरही चुकला नाही. मधेच करवत थांबवून ती पात्याला बोट लावायची, ते तापलं नाही ना हे बघायला. त्याला वाटलं, धार बघतेय. त्याच्या कपाळावर घाम आला. आयुष्य करवतींत गेलेल्या माणसाला त्या काय करतात ते नीट माहीत होतं.

मनगटाजवळ आल्यावर तिने विचारलं, "यासेन प्यायला होता का, काका?"

तो काहीतरी पुटपुटला.

"ऐकू येत नाही. मशीनचा आवाज आहे. मोठ्याने बोला."

"नव्हता," तो ओरडला. "प्यायला नव्हता. झाकण मीच काढायला लावलं होतं."

त्याचा पहिला शब्द निघताच तिने बटण बंद केलं होतं. पुढचं सगळं ओरडणं शांततेत, उघड्या दारातून थेट बाहेरच्या बाकापर्यंत गेलं.

तिने प्लास्टर फाकवलं आणि आतला कापूस बोथट कात्रीने कापला. मनगटावर मार्चमध्ये शकुनाचा म्हणून बांधतात तो लाल-पांढरा दोरा होता. रीतीप्रमाणे वसंतातला पहिला करकोचा दिसल्याशिवाय तो सोडणार नाही म्हणून हट्टाने प्लास्टरखाली ठेवून घेतलेला. दोरा जसाच्या तसा होता. कातडीवर ओरखडाही नव्हता.

स्तामेन दोऱ्याकडे बघत राहिला. झ्लातिनाने करवत पुन्हा सुरू केली आणि पातं आपल्या तळहातावर टेकवलं.

"मग हे आधी का नाही दाखवलंस?"

"राहिलं. करकोचे केव्हाच आले, काका. दोरा सोडा आता. मूठ वळा. उघडा."

पाचही बोटं उघडली. तिने ती एकेक करून पाहिली.

"यासेनलाही रोज हेच करायला लावते. त्याची दोनच उघडतात."

स्तामेन डबा तिथेच टाकून निघाला. बाकावर बसलेल्या गिरणीतल्याच एका कामगाराच्या बायकोने, वेलिकाने, त्याला वाट देण्यासाठी पायसुद्धा आवरले नाहीत.

"पुढचं कोण?" झ्लातिनाने विचारलं.

"मी," वेलिका म्हणाली. "पण थांबते जरा. आधी यासेनला फोन कर. चौकशीच्या साहेबांकडे त्याच्यासोबत कुणीतरी जायला हवं ना, मी ऐकलंय म्हणून सांगायला."