कवाडावरची रिकामी जागा

त्या दुपारी निवृत्ती पेंटरने मला भिंतीला आडवं टेकवलं, माझ्या अंगावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि तो वाळेपर्यंत दुकानाच्या दारात बसून बिडी ओढली. मित्रांनो, ती त्याची शेवटची साधी दुपार होती. तेव्हा हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

मी कडुनिंबाचा एक जुना दरवाजा आहे. आमच्याकडे मला कवाड म्हणतात. गेली दहा वर्षं मी कुठल्याच घराला लागलेलो नाही. औशाच्या बसस्टँडसमोर, पाट्या रंगवणाऱ्या निवृत्तीच्या दुकानात मी भिंतीला टेकून असतो. तो माझ्यावर चित्रं काढायचा आणि त्या चित्रांतून गोष्टी लिहायचा.

ब्याऐंशी सालचा पंधरा ऑगस्ट होता. दुसऱ्या दिवसापासून लातूर वेगळा जिल्हा होणार होता. गावातल्या प्रत्येक पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहायचं होतं. शेजारचा चहावाला ग्यानोबा कपबशा विसळत ओरडला, "पेंटर, सरकारनं तुझ्यासाठीच जिल्हा तोडला की रे!"

"बसल्या जागी जिल्हा बदलला म्हणून तुमी पेढे वाटून राहिले. शिडीवर मला चढायचंय."

"मंग चढ की! कवाडाला चुना लावून काय बसलास? नवरीला हळद लावल्यावानी."

"त्याचं बी काम हाय," निवृत्ती म्हणाला. चुना वाळला तसा त्याने बाभळीचा कोळसा उचलला.

त्याने एक पायऱ्यांची विहीर काढली. वर काठावर पाच-सहा माणसं, हातात काठ्या. एकाच्या हातात कुऱ्हाड. हे चित्र तो दर उन्हाळ्यात काढायचा आणि पुसून टाकायचा. पण त्या दिवशी काहीतरी वेगळं झालं. पायरीवरचा माणूस तो दरवेळी उभा काढायचा, हात वर उगारलेला. या वेळी त्याने तो पालथा पडलेला काढला. उजवा हात खाली, पायरीच्या कडेवरून विहिरीत गेलेला. पंजा उघडा.

निवृत्ती दोन पावलं मागे सरकला. बराच वेळ बघत राहिला.

"सिंधे, हिकडं ये."

सिंधु त्याची एकुलती एक मुलगी. एकोणीस वर्षांची, लातूरला डी.एड. शिकणारी. सुट्टीत आली की बापाच्या गोष्टी सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायची. ती कोपऱ्यात कागद लावत बसली होती. ती उठून आली.

"हा हात बघ. मारायला उचललेला हात असा असतो का?"

तिने हातातले कागद पुन्हा जुळवले.

"हा कुनाला तरी वर वढून राहिलाय. खाली कोन हाय?" चित्राच्या डाव्या कोपऱ्यातल्या, त्या पंजाखालच्या कोऱ्या जागेवर त्याने बोट ठेवलं. "माझा हात हितंच थांबतो. तू काढून बघ."

त्याने कोळसा तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही.

"दादा, चहा निवून चाललाय," ती बापाला म्हणाली. "उद्या काढते."

मित्रांनो, त्या हाताबद्दल मला जे माहीत आहे ते आधी सांगतो.

शिरूर अनंतपाळच्या पलीकडे एका गावात, बौद्ध वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घराला मी लागलो होतो. निवृत्तीच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने मला तासलं होतं. माझ्या बिजागऱ्या कुरकुरायच्या. निवृत्तीचा धाकटा भाऊ लिंबाजी रोज बाहेर पडताना मला थोपटायचा आणि म्हणायचा, "गप रे म्हाताऱ्या." निवृत्तीची बायको कोंडाबाई मला शेणाने माखलेल्या हातांनी ढकलायची. सिंधु माझ्या कडीला लोंबकळून झोके घ्यायची. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. वस्तीचा आड तळाला गेला. आधी गाळ निघाला, मग तोही वाळला. गावात पाणी राहिलं ते एकट्या जमीनदार व्यंकटरावांच्या पायऱ्यांच्या विहिरीत. तिथे आमच्या वस्तीतल्या कोणी पाय ठेवायचा नाही, असा दंडक होता. काठापासून लांब घागरी मांडायच्या आणि कोणी वरून पाणी ओतेल त्याची वाट बघायची. कधी कधी दिवस मावळला तरी कोणी ओतत नसे.

वैशाखातल्या एका दुपारी घरात मोठं कोणी नव्हतं. निवृत्ती आणि कोंडाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. सिंधु तेव्हा नऊ वर्षांची होती. ती माझ्यातून बाहेर गेली. थोड्या वेळाने झोपेतून उठून लिंबाजी गेला. घाईत. त्या दिवशी त्याने मला थोपटलं नाही.

संध्याकाळी वस्तीतली माणसं धावत आली आणि त्यांनी मला बिजागऱ्यांतून उपटलं. खिळे निघताना माझी एक कड चिरली. मला डोक्यावर घेऊन ते व्यंकटरावांच्या विहिरीवर गेले. पोलीस येईपर्यंत लिंबाजी चार-पाच तास तिथेच उन्हात पडला होता. त्याला माझ्यावर ठेवलं. डोक्याचा मागचा भाग कुऱ्हाडीच्या तुंब्याने, त्या बोथट पाठीने, फुटला होता, बरगड्या काठ्यांनी मोडल्या होत्या. रक्त माझ्या चिरेत उतरलं आणि लाकडाने ते पिऊन घेतलं. दुष्काळात कोरड्या लाकडाला ओल कसली आहे ते कळत नाही. मला मात्र कळलं होतं. उजवा हात तसाच ताठ, लांब झाला होता. तो माझ्या कडेच्या बाहेर राहिला आणि घरी जाईपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक माणसाला लागत गेला.

विहिरीच्या तळाशी एक लहानसं जर्मनचं पातेलं सापडलं. व्यंकटरावांच्या माणसांनी सांगितलं, लिंबाजी पाणी चोरायला आला, अडवलं तर अंगावर धावला, हात उगारला. खटला चालला. त्या दुपारी तिथे असलेलं आमच्यापैकी कोणी साक्षीला मिळालं नाही. सगळे सुटले.

मला परत दाराला लावायची वेळ आली तेव्हा कोंडाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"ह्या कवाडातून मी आत-भाईर करनार न्हाई," ती म्हणाली. "जाळा न्हाईतर न्या कुठं बी."

निवृत्तीने जाळलं नाही. गाव सोडून तो बिऱ्हाडासकट औशाला आला, तेव्हा बैलगाडीत सगळ्यात खाली मी होतो.

रंगाऱ्याला रंग आणि अक्षर तपासायला एक फळा लागतो. तो मी झालो. दिवसभर माझ्यावर लाल-निळे फराटे उठायचे, दुकानदारांची नावं उलटीसुलटी लिहिली जायची. पत्र्याच्या पात्याने तो मला खरवडायचा तेव्हा अंग सोलून निघायचं. मग चुना. चुना माझ्या जुन्या चिरेत शिरला की जाळायचा. पण दुपारी रंग वाळेपर्यंत निवृत्तीला काम नसे आणि तेव्हा तो कोळसा घ्यायचा.

तो सरळ गोष्ट लिहायला कधीच बसत नसे. कागद समोर घेतला की त्याला भाषणं सुचायची, असं तो म्हणायचा. चित्रात भाषण करता येत नाही. तिथे माणूस कुठेतरी उभा करावा लागतो, त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं, त्याला कुठेतरी बघायला लावावं लागतं. लहानपणी सिंधुला त्याने हे माझ्यासमोरच शिकवलं होतं.

"आधी काढ. मग चित्राला इचार. ह्याच्या हातात काय हाय? हा कुनाकडं बघून राहिलाय? चौकटीच्या भाईर कोन उभं हाय? ते बोलाया लागलं की लिही. त्याच्या आदी एक अक्षर न्हाई."

एकदा त्याने खडी फोडणारी एक बाई काढली. हातोडी डोक्याच्या वर गेलेली. समोर दगड, आणि दगडाच्या बाजूला मुकादमाचा बूट. सिंधुने विचारलं, "दादा, हातोडी कुठं पडनार?"

"ते चित्रात दिसत न्हाई. म्हणून तर गोष्ट लिहायची."

ती गोष्ट एका दिवाळी अंकात आली. ग्यानोबाने अंक चहाच्या पातेल्याशेजारी उभा करून ठेवला आणि आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगितलं, "आमच्या पेंटरनं मुकादमाचा पाय फोडला बगा." कोणी विचारलंच, की खरंच फोडला का, तर म्हणायचा, "आधी चहा घ्या, मंग सांगतो."

निवृत्तीची बरीच चित्रं अशीच असत. फुटलेली डोकी, तुटलेली शिंगं, छावणीत बैलाच्या बरगडीवर बसलेला कावळा. सगळ्यांच्या गोष्टी झाल्या. एकच झाली नाही. लिंबाजीची.

"तो पाण्याला गेला न्हाई," तो माझ्याशी बोलल्यासारखा पुटपुटायचा. "पाण्याला गेला असता तर घागर घेऊन गेला असता. यवढुसं पातेलं कशाला? आन मारायला गेलेल्या मानसाला मागून घाव कसा बसतो?" पाटीवर खोटं अक्षर काढलं नाही, मग भावावर खोटी गोष्ट कशी लिहू, असं तो म्हणायचा. कोर्टाने जे लिहिलं त्याच्या शेजारी त्याला एक खरी गोष्ट ठेवायची होती. त्या एका गोष्टीसाठी त्याने मला नऊ वेळा चुना लावला. दर खेपेला उगारलेला हात काढला, कारण लोकांनी तसंच सांगितलं होतं, आणि दर खेपेला चित्र खोटं पडलं. शेवटी त्याने लोकांचं ऐकणं सोडलं आणि मी त्याचा भाऊ कसा वाहून आणला होता, ते आठवून काढलं. म्हणून त्या दिवशी तो पंजा उघडा आला.

ते चित्र निघालं की सिंधु दुकानातून काहीतरी कारण काढून बाहेर जायची. माझी धूळ पुसताना ती डावा कोपरा नेहमी सोडायची. मला वाटायचं, तिचा हात पुरत नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या जिल्ह्याचे फटाके वाजत होते. निवृत्ती बियाण्यांच्या एका दुकानाच्या पाटीवर 'उस्मानाबाद' टर्पेंटाइनने पुसत होता. शिडीचा पाय फरशीवरून सटकला. त्याचं डोकं खालच्या दगडी पायरीवर आपटलं. तो आवाज मी रस्त्याच्या या बाजूला ऐकला. फटाक्यांत तो वेगळा कळला.

ग्यानोबा पळत आला. "काहीतरी आडवं घ्या! उचलायला काहीतरी घ्या!" आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

असा मी दुसऱ्यांदा बाहेर निघालो. कालच्या चित्रावरच निवृत्तीला ठेवलं. चार जणांनी मला दवाखान्यापर्यंत धावत नेलं. वाटेतच त्याचं अंग जड झालं. मला ते वजन ओळखीचं होतं.

त्याला खाली उतरवून कुशीवर वळवलं तेव्हा सिंधुने बघितलं. कोळशाचं सगळं चित्र त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर उमटलं होतं. काठ्या, कुऱ्हाड, पायऱ्या, सगळं उलटं. रक्त त्यावर पसरत होतं. फक्त त्या पंजाखालची जागा तेवढी पांढरी होती.

तिने ओरडून रडावं असं जमलेल्या बायकांना वाटत होतं. ती रडली नाही. तिने सदरा मागून घेतला, घडी केला आणि मागून धावत आलेल्या कोंडाबाईच्या मांडीवर ठेवला.

मित्रांनो, त्यानंतर मी महिनाभर बंद दुकानात होतो. उंदीर माझी खालची कड कुरतडत होते. ग्यानोबा कुलपाशी येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. दुकान रिकामं करायचा दिवस ठरला. जुनी फळी म्हणून मला बंबात घालायला एक जण मागतही होता.

एका सकाळी सिंधुने कुलूप काढलं. मागोमाग कोंडाबाई आली. जिने माझ्यातून आत-बाहेर करायचं नाकारलं होतं, तिने मला एका बाजूने धरलं. दोघींनी मला भिंतीला टेकवलं. माझ्यावर आता फारसं काही उरलं नव्हतं. काठावरची माणसं पुसली गेली होती. वाळलेल्या डागात लिंबाजीचा हात मात्र दिसत होता, कारण निवृत्तीने तिथे कोळसा जोराने दाबला होता.

कोंडाबाईने चुन्याचा डबा उघडला. सिंधुने तो बंद केला.

"नको माय. पुसायचं न्हाई."

मी तुमच्याकडे एवढंच मागतो. कोणी मोठ्या माणसाने तुमच्यापुढे कोळसा धरला, तर तो त्याच दिवशी घ्या. आणि तुमच्या घरातल्या जुन्या लाकडावर, भिंतीवर, वहीवर कोणी एखादी जागा कोरी सोडली असेल, तर ती चुन्याने झाकू नका.

सिंधु खाली बसली. खिडकीत कोळशाचा तोच तुकडा होता. तिने तो घेतला. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, आणि माझ्या डाव्या कोपऱ्यात, त्या उघड्या पंजाला लागून, एक लहान पंजा काढला. पाच बोटं. मग कोपर. मग वर बघणारं एक तोंड. दोन वेण्या.

कोंडाबाईच्या हातातला डबा खाली पडला.

सिंधु मागे वळली नाही. ती माझ्याशी बोलत होती, की माझ्या चिरेत मुरलेल्या त्या दोघांशी, ते मला सांगता येणार नाही. पण ती मोठ्याने बोलली.

"दादा, खाली मी होते. पातेलं माझं होतं. लई तहान लागल्ती म्हणून मी उतरले, आन खालच्या पायऱ्या तुटलेल्या. वर येता येईना. काका मला वढायला आला. त्यानं पालथं पडून हात दिला तवाच त्यायनी मागून मारलं. काका म्हणाला, 'खाली बस, आवाज करू नको, तू हितं न्हाईस.' मी खाली बसले, दादा. रक्त माझ्या डोक्यावर पडत होतं, तरी मी आवाज केला न्हाई. मग सगळे पळून गेले. त्याचा हात तसाच खाली होता. तो हात धरून मी वर आले."