दोघांनी गाळलेली एकच ओळ

मी बाकडं बोलतंय. भिवंडीत कासमभाईंच्या चहाच्या हॉटेलाबाहेर माझं आयुष्य गेलं. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत कापड विणणाऱ्या लूमची एक शेड जळली. तिच्या वाचलेल्या तुळईतून अंजूर गावच्या रामनाथ सुतारानं मला ठोकलं. माझी एक कड अजून काळी आहे. तिथं बसायला सगळे बिचकायचे. कासमभाईंनी पहिला चहा तिथंच बसून प्यायला. ते उपकार मी विसरलेलं नाही.

वीज गेली की लूम थांबायचे आणि माणसं माझ्यावर येऊन बसायची. जन्म खडखडाटात गेलेला, त्यामुळे शांततेतही ओरडूनच बोलायची. नवखा वाटसरू मारामारी समजून रस्ता बदलायचा!

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं. कासमभाईंचा मुलगा अय्यूब तिथं नोकरीला होता. फोन बंद, पत्र नाही. कासमभाईंना वाचता येत नसे. माझ्यावर बसून लोक पेपर मोठ्यानं वाचायचे, तेव्हा चहा ओतता ओतता ते कान माझ्याकडे लावून असायचे. माझ्यावर मात्र वेगळीच लढाई.

"दुसऱ्याच्या घरात घुसला तो गुन्हेगार हाय! त्याला ठोकलाच पायजे," रामनाथ मराठी पेपर आपटायचा.

"आणि सातासमुद्रापलीकडून फौजा घेऊन धावलेत ते काय पुण्य कमवायला? तेल दिसतंय त्यांना, तेल!" लूममालक हसन उर्दू पेपर नाचवायचा. "तुझा पेपर त्यांच्याच ओसरीवर बसून लिहितात वाटतं!"

"आन् तुझा रं? इराकच्या राजवाड्यात छापतात?"

असे पंधरा दिवस गेले. एका दुपारी कासमभाईंची मुलगी शकिला कॉलेजातून आली. तिला दोन्ही लिप्या यायच्या. हसन मोठ्यानं वाचत होता. तिनं मागून डोकावलं.

"हसनचाचा, एक ओळ गाळलीत."

"मुद्द्याची नव्हती, बेटा."

रामनाथ खो खो हसला. "बगा! पक्षपाती!"

"काका, तुमचा पेपर द्या." तिनं नजर फिरवली. "तुम्हीही गाळलीत. तीच."

मग तिनं वाचलं, "कुवेतमधून निसटून सरहद्दीवरच्या तंबूंत अडकलेल्या भारतीयांना विमानानं आणायला सुरुवात." तिनं दोन्ही पेपर त्यांच्यापुढं धरले. "कोण बरोबर ते ठरवताना माझा भाऊ तुम्हाला दिसलाच नाही?"

कासमभाईंच्या हातातली किटली तशीच राहिली. "फिरसे वाच, बेटी."

तिनं पुन्हा वाचलं.

तेव्हापासून माझ्यावर नियमच झाला: आधी अडकलेल्या माणसांची बातमी, मग भांडण.

दसऱ्याच्या सुमारास अय्यूब परतला. त्याला आणायला रामनाथ आणि हसन एकाच टॅक्सीतून विमानतळावर गेले, वाटभर भांडत. अय्यूब येऊन माझ्या काळ्या कडेवर बसला.

"सांग बाबा," रामनाथनं विचारलंच, "चूक कोनाची?"

"काका, घुसले त्यांची होतीच. पण तंबूत माझ्या शेजारी लहान पोर तापानं फणफणत होतं. त्याला कुठल्या बाजूचं म्हणू?"

आता माझा एक पाय सुतानं बांधलेला आहे. तक्रार नाही. तुमच्या भांडणांनीच मला जळक्या लाकडाचं बाकडं केलं. खुशाल भांडा, ओरडा. फक्त ओळ गाळू नका. तिथं कुणाचा तरी अय्यूब अडकलेला असतो.