जेद्दाचं सफरचंद

नोंगताईंचा ‘मूग-बर्फ’ बंद होणार, हे आम्हाला त्या वर्षीच्या वसंतातच कळलं होतं. सरकारचा नियम आला होता. ऑक्टोबर लागला की देशात विकायच्या ई-सिगारेटला तंबाखूखेरीज दुसरी चव असता कामा नये. लिची नाही, कलिंगड नाही, चहा नाही. मूग तर नाहीच.

शेन्झेनच्या आमच्या शाजिंग भागात तेव्हा दुसरा विषयच नव्हता. इथे कुणी ई-सिगारेटची बॅटरी बनवतं, कुणी नळी, कुणी नुसती खोकी. आमची कंपनी आतला रस बनवायची. मी तिथे अरबी दुभाषी होते. माझं नाव शा मिंग्युए, मूळची निंग्शियाची, हुई मुसलमान. आजोबांनी नमाजासाठी शिकवलेली अरबी मी पुढे कॉलेजात पक्की केली आणि आखातातल्या व्यापाऱ्यांशी भाव करण्यात खर्ची घातली, असं आई म्हणते.

नोंग सूयिंग आमच्या चवी जुळवणाऱ्या. वयाने मोठ्या, म्हणून सगळ्यांच्या ताई. मुगाचं गारेगार इथल्या प्रत्येकाने लहानपणी उन्हात उभं राहून चोखलंय, त्यामुळे तसली चव बऱ्याच कंपन्यांनी करून पाहिली होती. पण त्यांचा मूग कच्च्या पिठासारखा लागायचा. नोंगताईंनी लॅबमध्ये शेगडी आणून मूग शिजत घातले आणि पातेल्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. चव दाण्यात नाही, साल फुटल्यावरच्या पाण्यात आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. वर मिठाचा नुसता भास. माल बाजारात गेल्यावर लोक दुकानदाराला म्हणायचे, “ते आजीच्या घरचं द्या.”

नियम आल्यावर आमचे मालक ल्यांगसाहेब लॅबमध्ये आले. चेहरा उतरलेला, तरी चेष्टेची सवय सुटत नव्हती.

“ताई, तुमच्या मुगाने आपल्याला एवढी वर्षं पोसलं. आता अरबांच्या गळ्यात मारू या का?”

“त्यांचं आपल्या मिंग्युएला विचारा,” ताई बाटलीला झाकण लावत म्हणाल्या. “मला काम काय आहे ते सांगा.”

काम सौदी अरेबियातल्या जेद्दाचं होतं. तिथल्या दुकानांसाठी माल घेणारा अबू हातिम हा येमेनी व्यापारी कित्येक वर्षं क्वांगचौमध्येच राहत होता. त्याला ‘दोन सफरचंद’ ही चव हवी होती. तिकडे हुक्क्यात हीच चालते, म्हणून ई-सिगारेटमध्येही लोक हीच मागतात. ऑर्डर हातची गेली तर देशी मालावरची सगळी टोळी घरी बसणार, हे ल्यांगसाहेब बोलले नाहीत. पण बोलायची गरजही नव्हती.

ताईंनी आधी सफरचंदांसाठी नावाजलेल्या यांताई शहराकडचं लाल सफरचंद केलं. मग त्याला हिरव्याचा आंबटपणा जोडला. मी नमुने पाठवले आणि अबू हातिमचा फोन आला.

“पोरी, हे बनवलं कुणी? आजाऱ्याला सफरचंद किसून देतात तसं लागतंय!”

फोन ठेवून मी ताईंना म्हटलं, “त्यांना जरा वेगळं हवंय.”

“तो एवढा वेळ ओरडत होता, आणि निघालं एवढंच?” ताई हसल्या. “शिव्या गाळू नकोस गं. शिव्यांतच खरी चव असते.”

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी साखर वाढवली, मग थंडावा घातला. थंडाव्यावर तर अबू हातिम भडकलाच. “बर्फ मलेशियाला पाठव! आमच्या माणसाला चहाबरोबर ओढायचंय, दात वाजवत नाही बसायचं!”

पुन्हा एक नमुना परत आला, तेव्हा ताईंनी पांढरा डगला खुंटीला अडकवला आणि म्हणाल्या, “चल. ते लोक ओढतात तिथे ने मला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही क्वांगचौच्या शाओबेइ भागात अबू हातिमच्या दोस्ताच्या खानावळीत बसलो होतो. तिथलं सगळं हलाल, मला पोटभर जेवता येतं, म्हणून मी खुशीत होते. भाताच्या डोंगरावर अख्खी बकऱ्याची तंगडी आली. अबू हातिम भला दांडगा माणूस, फोनवर वाघ आणि समोर यजमान. त्याने ताईंच्या ताटात वाढता वाढता मला विचारलं, “ही बाई इतकी हडकुळी का? माझी सफरचंदं तीच खाते की काय?”

मी जसंच्या तसं सांगितलं. ताईंनी त्याच्या पोटाकडे बोट दाखवलं. “त्यांना सांग, निम्मी इकडे गेलेली दिसतात.”

तो इतका हसला की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले.

जेवण झाल्यावर त्याने हुक्क्याच्या तंबाखूचा डबा मागवला. आत काकवीत भिजलेला लालभडक, चिकट तंबाखू. ताईंनी डबा नाकाशी नेला आणि तशाच थांबल्या. पुन्हा वास घेतला. मग डबा टेबलावर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

“काय झालं?” मी विचारलं.

“यात सफरचंद नाहीच गं,” त्या म्हणाल्या. “हे चक्रीफूल आहे. हा आमच्या घरचा वास आहे.”

ताई क्वांगशीच्या नापोच्या, व्हिएतनामच्या सीमेवरच्या डोंगरातल्या. तिथे चक्रीफुलाची बनंच्या बनं आहेत. त्यांचे वडील अजून झाडांवर चढतात. शरद ऋतूत गावचा रस्ता वाळवणाने भरून जातो, अंथरुणापासून शाळेच्या दप्तरापर्यंत सगळ्याला तोच वास. नानिंग शहरातल्या शाळेत मुली त्यांना म्हणायच्या, “आली बघा मसाल्याच्या डब्यातून.” तेव्हापासून ताईंनी तो वास स्वतःपासून दूर ठेवला होता. एवढ्या चवी केल्या, पण चक्रीफुलाचा थेंब कशातही घातला नव्हता.

मी अबू हातिमला विचारलं, “यात सफरचंद कुठे आहे?”

“म्हणजे?” तो गोंधळला. “एक लाल, एक हिरवं. दोन सफरचंद. माझ्या आजोबांपासून हेच नाव आहे.”

“पण याला तर बडीशेपेसारखा वास येतोय.”

त्याने डबा घेऊन हुंगला आणि बराच वेळ मिशी ओढत राहिला. “खरंच की! पण पोरी, यात सफरचंद शोधायला कोण जातंय?”

परतीच्या गाडीत ताईंनी वडिलांना फोन लावला. बाप-लेकीचं बोलणं नववर्षापुरतं उरलेलं, तेही औषधं आणि हवामान. ते त्यांच्या च्वांग भाषेत बोलले, मला कळलं नाही. पण पलीकडचा म्हातारा आवाज चढत गेला आणि ताई हसायला लागल्या.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, इतकी वर्षं नाक मुरडत होतीस, आता नाक ठिकाणावर आलं वाटतं.”

वडिलांनी चक्रीफुलं धाडलीच, शिवाय झाडाच्या पाल्यापासून काढलेल्या तेलाची बाटलीही धाडली. हे तेल फळाच्या तेलापेक्षा रांगडं. त्याला हिरवा, कडवट काठ असतो. लॅबमधल्या दुसऱ्या कुणी ते बाजूला ठेवलं असतं. ताईंनी तोच काठ धरला. नुसतं फळाचं तेल खोकल्याच्या औषधासारखं लागत होतं. पाल्याच्या तेलाने त्याला कच्च्या फळाची धार आली, आणि हिरवं सफरचंद सापडलं. लालसाठी त्यांनी काकवी करपेपर्यंत आटवली, कारण हुक्क्यात कोळसा असतो आणि आपल्या नळीत नसतो. ओढणाऱ्याला त्या कोळशाची आठवण तर हवी.

अबू हातिम स्वतः शाजिंगला आला. नळी तोंडात धरली, डोळे मिटले, नाकातून वाफ सोडली. मग नळी खाली न ठेवताच मला विचारलं, “ही बाई जेद्दाला कधी राहिली होती?”

“त्या देशाबाहेर कधी गेल्याच नाहीत.”

“खोटं बोलू नकोस.”

“वल्ला, खरं सांगते.”

तो ताईंसमोर गेला आणि छातीवर हात ठेवून झुकला. ल्यांगसाहेबांनी लगेच चहा मागवला, घाईघाईत स्वतःच ओतायला गेले आणि अर्धा टेबलावर सांडला.

ऑर्डर मिळाली, टोळी राहिली. ऑक्टोबरमध्ये देशातल्या दुकानांतून मूग-बर्फ गेला. त्या दिवशी मी ताईंना विचारलं, “वाईट वाटतं का?”

“वाटतं ना,” त्या म्हणाल्या. “पण मॉलमध्ये शाळेच्या गणवेशातल्या मुली माझा मूग ओढताना मी बघितल्यात. मी तो सिगारेट सोडू बघणाऱ्या मोठ्या माणसांसाठी केला होता. आता गोड म्हटल्यावर कुणाला थांबवणार? सरकार चुकलं असं मला म्हणवत नाही.”

मग त्या कामाला लागल्या. नंतरची त्यांची पद्धत मी जवळून पाहिली आहे. नवं गिऱ्हाईक आलं की त्या दोनच गोष्टी विचारतात: तुमची माणसं काय खातात, आणि तुमचं सरकार काय खाऊ देत नाही. इंग्लंडात निकोटिनला मर्यादा आहे, म्हणून तिथे घशाला जे कमी पडतं ते गोडाने भरावं लागतं, आणि तो गोडवा त्यांच्या शाळेबाहेरच्या गोळ्यांचाच लागतो. इंडोनेशियाच्या माणसाला लवंग नसेल तर धूर धूर वाटत नाही. जपानात तर निकोटिन घातलेला रस दुकानात विकताच येत नाही. मग निकोटिनशिवाय ओढल्यावर घशाला लागणारा चटका आणायचा कुठून?

ओसाकाच्या नव्या गिऱ्हाईक किताबाताकेबाईंची पहिली बैठक व्हिडिओ कॉलवर होती. जपानी दुभाषी वेगळी, माझं तिथे काही काम नव्हतं. तरी मी दारात उभी राहिले. बाई नीट तक्ते वगैरे काढून बसल्या होत्या. ताईंनी विचारलं, “तोंडात झिणझिण्या येतील असं तुमच्याकडे काय खातात?”

बाई जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, भाजलेल्या वाममाशावर आम्ही एक रानमिरी भुरभुरवतो.

“आहे का घरात?”

“आहे.”

“मग आणा ना. आम्ही थांबतो.”

किताबाताकेबाई उठून गेल्या आणि छोटी डबी घेऊन आल्या. चिमूटभर जिभेवर ठेवली. त्यांचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि आपण बैठकीत आहोत हे विसरून त्या खळखळून हसल्या. नोंगताई पडद्याला नाक लागेल इतक्या पुढे झुकल्या होत्या.

“गिळू नका,” त्या म्हणाल्या. “आता सांगा, पहिल्यांदा कुठे लागलं?”